नाणे आधी वाचावे : ब्रिटिश अमदानीतील नाण्यांची ओळख, त्यांचे मोल आणि आपली भाषा

भाषेच्या वार्षिकात नाण्यांवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. नाणी हा इतिहासाचा किंवा संग्राहकांच्या छंदाचा विषय, मराठीच्या शिक्षकाचे त्यात काय काम, असे मलाही काही वर्षांपूर्वी वाटले असते. परंतु नाणे हा मुळात एक लेख असतो. त्यावर नाव असते, पदवी असते, साल असते, लिपी असते. तो लेख वाचता आला नाही तर नाण्याचे मोल करता येत नाही, आणि नाण्यांची जुनी व्यवस्था ठाऊक नसेल तर आपल्या कथा-कादंबऱ्यांतले, दफ्तरांतले आणि रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द अर्धेच कळतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार केला आहे.

एका डब्याची गोष्ट

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. खानापूर तालुक्यातून धारवाडला शिकायला आलेला, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा हा मुलगा एके दिवशी तास संपल्यावर वर्गातच थांबला. त्याच्या पिशवीत पत्र्याचा एक लहान डबा होता. त्याचे पणजोबा मराठा पलटणीत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या आघाडीवर जाऊन आले होते. डब्यात त्यांनी जपलेली अकरा नाणी होती आणि घडी घातलेला हिशोबाचा एक कागद होता.

त्यातल्या एका नाण्याला नऊ लाख रुपये मिळतील, असे त्याला फोनवरून कोणीतरी सांगितले होते. त्यासाठी ‘नोंदणी’ म्हणून अडीच हजार आणि मग ‘करापोटी’ साडेपाच हजार रुपये त्याने भरलेही होते. धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी घरात ठेवलेले ते पैसे होते. तिसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा त्याला शंका आली. “सर, नाणं खरं आहे का खोटं, तेवढं सांगा,” एवढेच त्याचे म्हणणे होते.

मला सांगता आले नाही. साहित्यात डॉक्टरेट मिळवून इतकी वर्षे शिकवल्यावरही त्या डब्यातील निम्मी अक्षरे मला लागत नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून एकेक नाणे घेऊन बसायचे ठरवले. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती त्या बैठकांतून तयार झाली.

पहिला प्रश्न : मुद्रा कोणाची आणि पदवी कोणती?

संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच नाणे असावे, हे १८३५ च्या कायद्याने ठरले. त्याआधी कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची नाणी निरनिराळी होती आणि शेजारी संस्थानांची व जुन्या मराठी राज्याची नाणीही चालत होती. १८३५ पासून रुपयावर इंग्लंडच्या राजाचे मुख आले. म्हणून अशा नाण्याची ओळख मुखापासून आणि त्याभोवतीच्या अक्षरांपासून सुरू करावी.

१८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम आहे, आणि ‘चौथा’ दाखवणारा रोमन आकडा तेथे चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे आहेत. १८४० चे साल असलेल्या रुपयावर मुकुट नसलेली तरुण व्हिक्टोरिया आहे. तिच्याभोवती ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरे आहेत आणि मागे अजूनही कंपनीच आहे. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले. १८६२ पासून राणीच्या डोक्यावर मुकुट आला आणि मागच्या बाजूस कंपनीच्या जागी ‘इंडिया’ आले. १८७७ पासून ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ झाले, कारण १ जानेवारी १८७७ रोजी तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले. आपले पूर्वज ज्याला ‘राणीछाप’ म्हणत तो रुपया असा तीन अवस्थांतून गेलेला आहे. एका शब्दाच्या बदलात राज्यकारभाराचा बदल कसा दिसतो, याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

पुढे १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड येतो. चांदीच्या नाण्यांवर त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. १९११ पासून पाचवा जॉर्ज आणि १९३८ पासून १९४७ पर्यंत सहावा जॉर्ज आहे. या दोघांच्या नावापुढे ‘किंग एम्परर’ असते. आठव्या एडवर्डच्या नावाने हिंदुस्थानात नाणे निघाले नाही. दुसऱ्या एलिझाबेथचे मुख भारताच्या कोणत्याही चलनी नाण्यावर नाही. तसे नाणे घरात सापडले तर ते ब्रिटनचे किंवा सिलोन, मलाया, मॉरिशस, हाँगकाँग अशा दुसऱ्या एखाद्या देशाचे असते. एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी बराच गोंधळ टळतो.

मुख नीट पाहण्याचे महत्त्व १९११ च्या रुपयावरून कळते. त्यावर पाचव्या जॉर्जच्या राजवस्त्रावर हत्तीचे एक चिन्ह होते. सोंड आखूड दिसत असल्यामुळे ते लोकांना डुकरासारखे वाटले आणि नाराजी पसरली. सरकारने ती नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. एका सोंडेमुळे १९११ चा रुपया पुढच्या सालांच्या रुपयांहून दुर्मीळ झाला.

दुसरा प्रश्न : साल आणि टाकसाळ

नाण्यावरचे साल म्हणजे ते नाणे पाडल्याचे साल, असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. १८४० चे साल असलेले रुपये पुढे दोन दशके पाडले जात होते, आणि १८६२ चे साल असलेले रुपये १८७४ पर्यंत निघत राहिले. त्या काळातील १८६२ च्या रुपयांवर सालाजवळ व अन्यत्र बारीक टिंबे दिसतात. अभ्यासक त्यांच्या संख्येवरून व जागेवरून नाण्यांचे प्रकार लावतात. विद्यार्थ्याच्या डब्यातील सर्वांत जुना खरा रुपया १८६२ चाच होता. तो नेमका कोणत्या वर्षी पाडला गेला हे सांगण्यासाठी आम्हांला भिंग घेऊन टिंबे मोजावी लागली.

टाकसाळ ओळखण्याची खूणही अशीच बारीक असते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस फुलाखाली टिंब असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. दुसऱ्या महायुद्धात लाहोरलाही टाकसाळ चालत होती. तिची खूण इंग्रजी ‘एल’ हे अक्षर आहे. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या घरांत टिंबाची नाणी निघाली तर नवल नाही.

तिसरा प्रश्न : धातू आणि वजन

१८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरवले. आजच्या मापात ते ११.६६ ग्रॅम होते. जुन्या मापात तेवढेच वजन म्हणजे एक तोळा. रुपया आणि तोळा एकाच वजनाचे होते, म्हणून तराजूत तोळ्याच्या जागी रुपया टाकून वजन करता येई. आज सराफाच्या बोलण्यात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. ‘एक तोळ्याचा रुपया’ असे ऐकून दहा ग्रॅम धरले तर हिशोब चुकतो.

त्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. ११.६६ ग्रॅमपैकी शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम भरते. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. युद्धामुळे चांदी महागली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली, उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. वजन तेच, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. नक्कल करणाऱ्यांना अवघड जावे म्हणून या रुपयाच्या कडेवर दातेरी रेघांच्या मधून एक खाच फिरवलेली असते. १९४७ चा रुपया पूर्ण निकेलचा आहे, त्यावर वाघ आहे आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटत नाही. घरच्या घरी करता येण्याजोगी ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

पहिल्या महायुद्धातही चांदीची टंचाई झाली होती. १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट आली. १९१८ मध्ये दोन आण्यांचे नाणे चांदीऐवजी तांबे-निकेलचे आणि चौकोनी झाले. १९४३ पासून एक पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडले गेले, त्यामागेही युद्धकाळात धातू वाचवण्याचा हेतू होता. माझ्या आजीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असा एक भोकाचा पैसा होता. तो दागिना असावा असे मला लहानपणी वाटे.

डब्यातील परदेशी नाणी

डब्यातील दोन नाणी हिंदुस्थानची नव्हती. एकावर सिंह होता, मागे डोंगर होते आणि ‘ईस्ट आफ्रिका’ अशी अक्षरे होती. हा १९४२ चा पूर्व आफ्रिकेचा शिलिंग. केनिया, युगांडा आणि टांगानिका या ब्रिटिश प्रदेशांत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता, पुढे त्याची जागा शिलिंगने घेतली. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत मराठा पलटणीचे जवान लढले होते आणि ब्रिटिशांच्या ताब्यात आलेल्या त्या प्रदेशात पूर्व आफ्रिकेचे शिलिंग चालू झाले होते. पणजोबांच्या खिशात ते नाणे कसे आले असावे, याचा अंदाज यावरून बांधता येतो. त्या शिलिंगमध्ये चांदी केवळ पाव भाग होती, म्हणजे शुद्ध चांदी जेमतेम दोन ग्रॅम.

दुसरे नाणे पूर्व आफ्रिकेचेच, १९३६ चे, दहा सेंटचे आणि मध्ये भोक असलेले. त्यावर आठव्या एडवर्डचे नाव होते. हा राजा एक वर्षसुद्धा गादीवर नव्हता, म्हणजे नाणे फार दुर्मीळ असणार असे आम्हा दोघांनाही वाटले. परंतु भोकाच्या नाण्यावर राजाचे मुख नसते, केवळ नाव असते, त्यामुळे नव्या राजाचे चित्र तयार होण्याची वाट न पाहता ही नाणी भरपूर पाडली गेली. राजा दुर्मीळ असला तरी हे नाणे स्वस्तात मिळते.

मराठी माणसे जेथे जेथे गेली तेथली नाणी आपल्या घरांत आली आहेत. मॉरिशसला मराठी समाज आहे. तेथे रुपयाचे शंभर सेंट १८७७ पासूनच होते, सिलोनमध्ये त्याही आधी, १८७२ मध्ये. आपल्याकडे रुपयाचे शंभर भाग व्हायला १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडावा लागला. धारवाडहून गोवा जवळ, त्यामुळे पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपिया आणि टांगा ही नाणीही इकडे सापडतात. १८८१ चा गोव्याचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आहे. खुद्द ब्रिटनच्या नाण्यांबाबत इतके ध्यानात ठेवावे की १९७१ पर्यंत एका पौंडाचे २० शिलिंग आणि २४० पेन्स होते, त्यांच्या चांदीच्या नाण्यांत १९२० पासून निम्मी चांदी राहिली आणि १९४७ पासून चांदी मुळीच नाही. सोन्याचा सॉव्हरिन सुमारे आठ ग्रॅमचा, बावीस कॅरटचा. १९१८ मध्ये तो मुंबईतही पाडला गेला, त्यावर ‘आय’ हे बारीक अक्षर असते.

मोल कशावर ठरते?

येथे बाजारभाव देण्याचे टाळले आहे, कारण ते लेख छापून होईपर्यंत बदलतात. पद्धत मात्र बदलत नाही. कोणत्याही नाण्याच्या बाबतीत चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट धातू. चांदीचा त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव घेऊन त्याला १०.६९ ने किंवा १९४० नंतरच्या रुपयासाठी ५.८३ ने गुणले की धातूची किंमत निघते. नाणे झिजलेले असेल तर आधी ते तोलून घ्यावे. खरे नाणे सहसा याहून खाली विकू नये.

दुसरी गोष्ट दुर्मीळता. जुने म्हणजे दुर्मीळ, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. कंपनीने मद्रास इलाख्यासाठी इंग्लंडमध्ये पाडून घेतलेली १८०८ ची तांब्याची नाणी ‘ॲडमिरल गार्डनर’ या जहाजातून येत होती. १८०९ च्या जानेवारीत ते जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडाले. विसाव्या शतकात समुद्रतळातून ती नाणी लाखांच्या संख्येने वर काढली गेली. दोनशे वर्षांहून जुनी असूनही ती स्वस्त आहेत. उलट १९३३ ची ब्रिटिश पेनी त्यामानाने नवी, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असल्यामुळे तिच्यासाठी संग्राहक फार मोठी रक्कम मोजतात. आपल्याकडे १९३९ चा चांदीचा रुपया असाच दुर्मीळ आहे, तर १९१९ चा रुपया भरपूर सापडतो.

तिसरी गोष्ट अवस्था. राणीच्या कानावरचे केस, भुवई, मुकुटातील मोती हे उंचवटे आधी झिजतात. ते स्पष्ट असतील तर त्याच सालाच्या झिजलेल्या नाण्यापेक्षा किंमत कितीतरी वाढते. म्हणूनच जुने नाणे चिंच, राख किंवा पॉलिशने कधीही घासू नये. घासल्यावर ते चकचकीत दिसते, पण जाणकाराच्या नजरेत त्याची किंमत उतरते. टाका घालून दागिना केलेल्या नाण्याचेही तसेच होते.

चौथी गोष्ट मागणी. आपल्याकडे राणीछाप रुपयाला आणि सॉव्हरिनला गिऱ्हाईक मिळते, आफ्रिकेच्या सेंटला मिळत नाही.

कायदाही ठाऊक असावा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेले धन सरकारला कळवणेही बंधनकारक आहे.

खोटी नाणी, खोटी आश्वासने

ज्या नाण्याला नऊ लाख मिळणार होते ते तांब्यासारख्या रंगाचे होते. एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान, दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आणा’ आणि १८१८ हे साल. अशा तुकड्यांना बाजारात ‘राम दरबार’ म्हणतात. कंपनीने असे नाणे कधी काढलेच नाही. कंपनीच्या संपूर्ण हिंदुस्थानच्या नाण्यांत अर्धा आणा आला तो १८३५ मध्ये. जो मनुष्य नाण्यावरचे साल आणि नाव वाचून ‘१८१८ मध्ये हे कसे शक्य आहे?’ एवढा प्रश्न विचारील, त्याची फसवणूक होणार नाही. अशीच नाणी ‘तांदूळ ओढणारी’, ‘चमत्कारी’ म्हणून विकली जातात आणि त्या नादात लोकांची घरे बुडाली आहेत. २०१२ ची वैष्णोदेवीची पाच व दहा रुपयांची नाणी खरी आहेत, पण ती लाखो रुपयांना जातात ही अफवा आहे. आपल्या नावाने जुनी नाणी घेणारे आणि त्यासाठी शुल्क मागणारे लोक खोटे आहेत, असे निवेदन रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढले होते. ज्याला खरोखर नाणे विकत घ्यायचे असते तो आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही.

भाषेच्या टाकसाळीतली नाणी

बैठकांच्या ओघात माझ्या लक्षात आले की मुलाला नाणी नवीन होती तसेच त्यांचे शब्दही नवीन होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, आणि तांब्याचा जाडजूड दुहेरी पैसा म्हणजे ढब्बू. हे कोष्टक पाठ असल्याशिवाय ‘सोळा आणे खरे’, ‘पै न पै फेडली’, ‘चवली-पावलीचा हिशोब’ यांतले वजन कळत नाही. ‘बंदा रुपया’ म्हणजे मोड न केलेला सबंध रुपया, आणि मोडल्यावर होतो तो ‘खुर्दा’. सैन्याचा खुर्दा उडाला असे आपण म्हणतो तेव्हा मुळात सुट्ट्या पैशांचेच चित्र असते.

‘बट्टा’ हा शब्द पाहावा. अनेक प्रकारचे रुपये एकाच पेठेत चालत तेव्हा सराफ प्रत्येक नाण्याची चांदी आणि झीज पाहून दर्शनी किमतीतून काही रक्कम कापून घेई. ती कपात म्हणजे बट्टा. १८३५ नंतर हळूहळू एकच रुपया सर्वत्र चालू झाला, सराफाचा बट्टा कमी झाला, पण नावाला बट्टा लागणे राहिले. नाणे ‘वाजवून घेणे’, ‘खणखणीत’ असणे, माणसाची ‘पारख’ करणे, हे सारे त्याच पेढीवरचे शब्द आहेत. पोतदार आणि टाकसाळे ही आडनावेही तिथलीच.

धारवाडसारख्या ठिकाणी या शब्दांना दुसरी बाजूही दिसते. मराठीतला ‘होन’ कन्नडमधील ‘होन्नु’ म्हणजे सोने या शब्दातून आला. आपली ‘टाकसाळ’ ती त्यांची ‘टंकसाले’, आपले ‘नाणे’ ते त्यांचे ‘नाण्य’, आपले ‘आठाणे’ ते त्यांचे ‘एंटाणे’. एकच नाणे दोन भाषांच्या हातांतून फिरत होते आणि शब्दही तसेच फिरले. नाण्यांवर मात्र आपल्या दोन्ही भाषांना जागा नव्हती. १९०७ पासूनच्या कंगोरेदार एक आण्याच्या नाण्यावर उर्दू, नागरी, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्या आहेत. त्यांत कन्नड नाही, आणि नागरीत लिहिले आहे ते ‘आना’, आपला ‘आणा’ नव्हे. मराठी माणूस ते ‘आना’ वाचत असे आणि ‘आणा’ म्हणत असे.

याच प्रदेशात १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत कैद झालेला वॉल्टर एलियट हा तरुण अधिकारी पुढे येथेच शिलालेख आणि नाणी गोळा करू लागला. दृष्टी अधू झालेली असताना, १८८० च्या दशकात, त्याने दक्षिण भारतातील नाण्यांवर ग्रंथ लिहिला. नाणी आणि लेख एकत्र वाचण्याची ही परंपरा आपल्या दारातली आहे.

हिशोबाचा कागद

डब्यातील कागद आम्ही शेवटी उघडला. त्यावर मोडी वळणाची नागरी अक्षरे होती आणि ‘५॥।=’ अशा खुणा. विद्यार्थ्याने ते ‘पाच’ असे वाचले आणि पुढच्या रेघा दंड समजून सोडून दिल्या. मी त्याला हसलो नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही एका कागदपत्रातील ‘२॥’ हे ‘दोन’ असे वाचून तो आकडा एका शोधनिबंधात छापला होता. हुबळीच्या बाजारपेठेतील एका वयोवृद्ध सराफांनी चूक दाखवून दिली, तेव्हा शरमेने मान खाली गेली होती.

या खुणा सोप्या आहेत. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडवी एक रेघ म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन आणे, तीन म्हणजे तीन आणे. ‘५॥।=’ म्हणजे पाच रुपये, बारा आणे आणि वर दोन आणे, अर्थात पाच रुपये चौदा आणे. विद्यार्थ्याने पुन्हा सगळा कागद वाचला. पणजोबांनी पलटणीतून घरी पाठवलेल्या पैशांची ती नोंद होती. महिन्यामागून महिना, रुपये आणि आणे, आणि प्रत्येक रकमेपुढे कोणासाठी ते : बियाणे, सावकार, धाकट्या बहिणीचे लग्न. ती ओळ वाचून तो बराच वेळ गप्प बसला.

शिक्षकांसाठी काही सूचना

विद्यार्थ्यांना घरातील एक जुने नाणे, न घासता, वर्गात आणायला सांगावे आणि त्याचे वर्णन लिहवून घ्यावे : मुख, अक्षरे, लिपी, साल, धातू, वजन, कड. निरीक्षणावरून लेखन करण्याचा हा उत्तम सराव आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, म्हणजे एक-नाणे-कायद्याच्या आधीची, आणि दुसरी १८५७ ची, म्हणजे नंतरची. दोन्हींतील नाण्यांच्या नोंदी ताडून पाहणे हा पदव्युत्तर प्रकल्पाचा चांगला विषय होईल. घरच्या जुन्या वह्यांतील रेघांच्या खुणा वाचून त्यांचे आजच्या पैशांत रूपांतर करून घ्यावे. ‘आणेवारी’ हा शब्द शेतीच्या कागदांत कसा राहिला आणि महाराष्ट्रात त्याची ‘पैसेवारी’ कशी झाली, हे मुलांनी गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे. प्रत्यक्ष नाणी पाहायची असतील तर मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राची संशोधन संस्था ही ठिकाणे आहेत.

समारोप

डब्यातील अकरा नाण्यांचा शेवटचा हिशोब असा झाला. १८६२ आणि १९१९ चे दोन रुपये, १९४४ चा निम्म्या चांदीचा रुपया आणि आफ्रिकेचा शिलिंग मिळून, झीज सोडता, सुमारे २९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४७ चा निकेलचा रुपया, १८३५ चा तांब्याचा पाव आणा, कंगोरेदार आणा, चौकोनी चवली, भोकाचा पैसा आणि आफ्रिकेचे दहा सेंट यांची किंमत किरकोळ. राम दरबाराची किंमत शून्य. भरलेले आठ हजार परत आले नाहीत. पोलिसांकडे तक्रार केली आहे आणि बहिणीचा प्रवेश उसनवारीवर झाला.

नाणी विकावीत का, असे त्याने मला विचारले. चांदीच्या रुपयांचा भाव हुबळीत दोन ठिकाणी काढून ये आणि मग घरात ठरवा, असे मी सांगितले. महिनाभराने तो आला. दोन रुपये विकून त्याने उसन्यांतले काही फेडले होते, तेही तोलून, चांदीचा दर विचारून, पावती घेऊन. बाकीची नाणी डब्यात आहेत. कागदाची त्याने आजच्या अक्षरांत नक्कल केली, प्रत्येक ‘॥।=’ चा उलगडा समासात लिहिला आणि ती प्रकल्प म्हणून विभागात दिली. त्या नक्कलेत एकही रेघ सुटलेली नाही, हे मी मूळ कागदाशी ताडून पाहिले आहे.